हंगामाचा हिशेब: बेसबॉल संघाचं वर्ष कसं वाचायचं आणि पुढच्याचा अंदाज कसा बांधायचा

हंगाम संपल्या संपल्या काही लिहू नका. संघ जिंकला असेल तर डोकं ठिकाणावर नसतं, हरला असेल तर त्याहून नसतं. अमेरिकेतली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, ऑक्टोबरअखेर, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत आटोपते. तेव्हा इकडे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या गोडी छाटण्या उरकत आलेल्या असतात आणि घरोघरी फराळाच्या डब्यांचा तळ दिसायला लागलेला असतो. नाशिकची थंडी अंगाला लागली, सकाळचं ऊन गच्चीवर बरं वाटायला लागलं, की वही काढा.

वही म्हणजे खरीच वही. रविवार कारंजाच्या आसपास मिळते तसली लांब, आखीव, पुठ्ठ्याच्या बांधणीची. मोबाइलमध्ये लिहिलेलं पुढच्या वर्षी सापडत नाही, आणि सापडलं तरी मधल्या काळात आपणच त्यात हळूच फेरफार केलेले असतात. लिहायचं पेननं. पेन्सिलीचा अंदाज हा अंदाज नव्हे.

माझी ओळख एवढीच, की सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होते. मापं घेणं, चार्टवर ठिपके मांडणं आणि “मॅडम, एवढं चालतंय हो” म्हणणाऱ्या प्रॉडक्शनवाल्यांशी वाद घालणं, यात नोकरी झाली. रविवारी पोरांच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायचे. भाचा कॅन्सस सिटीला नोकरीला गेला आणि त्यानं मला तिथल्या रॉयल्स संघाच्या नादी लावलं. त्यांचा संध्याकाळी सहा-चाळीसचा सामना आपल्याकडे पहाटे पाच-दहाला सुरू होतो. दूधवाला येईतो तिसरी इनिंग. निवृत्त माणसाला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कुठल्या खेळाचं नसेल.

खालची पद्धत कुठल्याही संघाला चालते. मी उदाहरण घेतेय रॉयल्सच्या २०२४ च्या हंगामाचं, आणि मुद्दाम घेतेय: त्याच्या पुढचं २०२५ चं वर्षही आता संपलेलं आहे. शिकताना उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवावं. भाचा म्हणतो, “मावशी, तू जुनं कशाला उकरतेस, यंदाचं बोल ना.” यंदाचं शेवटी बोलू.

आधी चार आकडे, बाकी काही नाही

क्रिकेट बघणाऱ्याला लागेल तेवढंच सांगते. सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आउट. मैदानावरच्या चारही बेस, म्हणजे टप्पे, ओळीनं गाठल्या की एक धाव. हंगाम १६२ सामन्यांचा, मार्चअखेर ते सप्टेंबर जवळजवळ रोज. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. सामना सुरू करणारा पिचर, ज्याला स्टार्टर म्हणतात, तो एकदा टाकला की साधारण पाचव्या दिवशीच परत येतो. म्हणून संघाला पाच स्टार्टर लागतात आणि त्यांच्या तब्येतीवर सगळं वर्ष टांगलेलं असतं. तीस संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन गट. २०२२ पासून प्रत्येक लीगमधले सहा संघ बाद फेरीला जातात. एवढ्या भांडवलावर पुढे जाता येतं.

आता वहीच्या पहिल्या पानावर दोन वर्षांचे चार-चार आकडे लिहा: विजय, पराभव, काढलेल्या धावा, दिलेल्या धावा. रॉयल्सचे असे होते. २०२३: ५६ विजय, १०६ पराभव, ६७६ धावा काढल्या, ८५९ दिल्या. २०२४: ८६ विजय, ७६ पराभव, ७३५ काढल्या, ६४४ दिल्या.

२०२३ चे १०६ पराभव म्हणजे या संघाच्या इतिहासातल्या सर्वाधिक पराभवांची बरोबरी होती. आणि लगेच पुढच्या वर्षी तोच संघ बाद फेरीत. २०१५ ला वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतर त्यांनी बाद फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. अशा वर्षाचं परीक्षण लिहिताना हात आपोआप “चमत्कार”, “जिद्द”, “ड्रेसिंग रूममधलं वातावरण” असले शब्द लिहायला जातो. लिहू नका. वातावरण मोजता येत नाही, आणि जिंकणाऱ्या संघाचं ते नेहमीच छान असतं.

बाद फेरीचेही सामने या पानावर आणू नका. रॉयल्सनी बाल्टिमोरला १-० आणि २-१ असं हरवलं, मग यांकीजकडून ३-१ नं मालिका हरले. बघताना जीव मुठीत होता, पण सहा सामन्यांवरून संघ कळत नाही. त्यांना शेवटी अर्धं पान द्या, आठवण म्हणून.

विजयांचा आकडा खरा की फुगलेला?

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर. काढलेल्या धावांचा वर्ग करा. दिलेल्या धावांचा वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेनं भागा. जे येईल त्याला १६२ नं गुणा. धावांच्या हिशेबानं संघानं किती सामने जिंकायला हवे होते, ते कळतं.

२०२४ साठी: ७३५ चा वर्ग ५,४०,२२५. ६४४ चा वर्ग ४,१४,७३६. बेरीज ९,५४,९६१. भागाकार ०.५६६ च्या जवळ. गुणिले १६२, म्हणजे जवळजवळ ९२.

म्हणजे ८६ सामने जिंकलेला हा संघ धावांच्या भाषेत ९२ सामन्यांचा होता. २०२३ चं करून बघा, ६२ येतात. प्रत्यक्षात जिंकले ५६. दोन्ही वर्षी संघ आपल्या धावांच्या मानानं सहा सामने मागेच राहिला. म्हणून ५६ वरून ८६ ही तीस सामन्यांची उडी नशिबाची नव्हती: ६२ वरून ९२, तीही तीसचीच. उडी खरी होती. हे एवढं एक वाक्य लिहिता आलं तरी तुमचं परीक्षण निम्म्या पत्रकारांच्या पुढे गेलं.

हे सूत्र बिल जेम्स नावाच्या माणसाचं. कॅन्सस राज्यातला. लॉरेन्स या गावी डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, आणि पहाऱ्याच्या वेळात बेसबॉलचे आकडे मांडत बसायचा. १९७७ पासून त्यानं आपली टिपणं स्वतःच छापून विकायला सुरुवात केली आणि पुढे सगळा खेळच त्या पद्धतीनं बघितला जाऊ लागला. रात्रपाळीत डोकं चालतं हे मी सातपूरला पाहिलेलं आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. आता जाणकार वर्गाऐवजी १.८३ चा घात वापरतात. त्यानं २०२४ चा आकडा ९१ च्या आसपास येतो. वहीसाठी वर्ग पुरे.

एक जपून राहायचं. सूत्रात आणि प्रत्यक्षात चार-पाच सामन्यांचा फरक म्हणजे काहीच नव्हे, तो कुठल्याही वर्षी कुठल्याही संघाचा पडतो. त्यावर “निर्णायक क्षणी कच खाल्ली” वगैरे निबंध लिहू नयेत. दहाच्या वर फरक गेला तर मात्र थांबा आणि कारण शोधा.

बदल कुठून आला

आता दोन वर्षांच्या धावा शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करा. काढलेल्या धावा ६७६ वरून ७३५, म्हणजे ५९ जास्त. दिलेल्या धावा ८५९ वरून ६४४, म्हणजे २१५ कमी. एकूण सुधारणा २७४ धावांची. ढोबळ हिशेब असा, की दहा धावांना एक विजय. सत्तावीस-अठ्ठावीस विजय इथेच मिळाले, आणि त्यातले वीसहून अधिक धावा रोखल्यामुळे.

गंमत अशी, की २०२४ मध्ये सगळी चर्चा बॉबी विट ज्युनियरच्या बॅटची. चर्चा होण्यासारखंच खेळला: ०.३३२ ची सरासरी (दर हजार संधींत ३३२ यशस्वी फटके), ३२ होम रन (चेंडू थेट कुंपणापार), ३१ बेस चोरल्या (फटका नसताना पळून पुढची बेस गाठली), १६२ पैकी १६१ सामने. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ॲरन जजच्या मागे दुसरा आला. पण संघाची कायापालट त्यानं नाही केली. तो २०२३ मध्येही होताच. कायापालट झाली ती पिचिंगमध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये सेथ लुगो आणि मायकल वाका या दोन अनुभवी पिचरना आणलं, आणि कोल रेगन्स पहिल्यांदाच पूर्ण वर्ष टाकत होता. लुगोचा ईआरए ३.००, रेगन्सचा ३.१४, वाकाचा ३.३५. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून पिचरनं दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. तीनच्या आसपास म्हणजे उत्तम, चारच्या आसपास म्हणजे चालू खातं.

तुमच्या संघासाठीही हेच करा. लोक ज्याच्याबद्दल बोलतायत तो आणि आकडा जिथे हललाय तो, हे दोघं एकच आहेत का ते बघा. बऱ्याचदा नसतात.

कुणाशी खेळून कमावलं

हे पान बहुतेक जण गाळतात. रॉयल्सच्याच गटात शिकागो व्हाइट सॉक्स आहेत. त्यांनी २०२४ मध्ये १२१ सामने गमावले. आधुनिक काळात एका हंगामात इतके कुणीच गमावले नव्हते. गटातल्या प्रत्येक संघाशी तेरा सामने होतात. रॉयल्सनी व्हाइट सॉक्सविरुद्ध तेरापैकी बारा जिंकले.

आता ८६ मधून १२ वजा करा आणि ७६ मधून १. उरतात ७४ विजय, ७५ पराभव. म्हणजे व्हाइट सॉक्स सोडून उरलेल्या जगाविरुद्ध हा संघ बरोबरीचा होता. मी हे भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, तू रॉयल्सची आहेस की त्यांच्या विरुद्ध?” मी क्वालिटीची आहे.

पण ही वजाबाकी शस्त्रासारखी परजू नका. दुबळ्याला न चुकता हरवणं हाही गुणच, आणि गटातल्या बाकीच्या संघांनाही व्हाइट सॉक्स मिळालेच होते. पुढच्या वर्षासाठी एवढंच टिपायचं: इतका वाईट संघ सलग दोन वर्षं तितकाच वाईट राहत नाही. ही बारा-एकची शिदोरी पुन्हा मिळणार नाही.

त्याच पानावर शेवटच्या दीड महिन्याचाही एक शेरा हवा. ऑगस्ट संपताना आणि सप्टेंबरच्या मध्यावर, असे दोनदा रॉयल्स सलग सात-सात सामने हरले. विनी पास्क्वान्टिनो या फलंदाजाचा अंगठा मोडला आणि विटच्या मागे धावा काढणारं कुणी उरलं नाही. बॅटिंगची खोली किती होती ते तिथे उघडं पडलं. मी त्याखाली लाल रेघ मारली आहे.

माणसं: टिकेल, घटेल, सांगता येत नाही

इथे वेळ घालवा. एका आडव्या पानावर तीन रकाने पाडा आणि महत्त्वाच्या दहा-बारा खेळाडूंची नावं त्यांत टाका. प्रत्येक नावापुढे वय, आणि “हेच पुढच्या वर्षी होईल का?” या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर. आवडतं कोण, नावडतं कोण, याचा इथे संबंध नाही.

विट: वय २४, फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा वर्षांचा करार, २८ कोटी ८७ लाख ७७ हजार ७७७ डॉलरचा. (त्याच्या शर्टावरचा क्रमांक ७ आहे, म्हणून ते सातांचं शेपूट. पैसा असला की असली हौस करता येते.) खेळाडू टिकेल, पण ०.३३२ टिकणार नाही. कारण साधं: ज्या वर्षी माणूस ०.३३२ मारतो त्या वर्षी त्याचे काही साधे फटकेही रिकाम्या जागी पडलेले असतात. करिअरमधल्या सर्वोत्तम वर्षानंतर थोडं खालीच यायचं असतं. याला घसरण म्हणत नाहीत. कारखान्यात एखाद्या पाळीत रिजेक्शन अचानक निम्म्यावर आलं की साहेब लगेच बोर्डावर अभिनंदन लिहायचे आणि पुढच्या आठवड्यात चार्ट मूळ जागी आला की खुलासा मागायचे. दोन्ही वेळा प्रक्रिया तीच असायची.

लुगो: सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ३५ पूर्ण, आणि त्या वर्षी २०० हून जास्त इनिंग टाकलेल्या. “घटेल” मध्ये, बिनविरोध. पेरेझ: संघाचा कॅप्टन, कॅचर, मे २०२५ मध्ये ३५ चा होणार. कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, सहा महिने उकिडवं बसायचं. त्यालाही “घटेल” मध्ये टाकलं, जड मनानं. रेगन्स: वय २७, हात जोरदार, पण आधी कोपराच्या शस्त्रक्रिया झालेल्या. “सांगता येत नाही.” वाका: वय ३३, खांद्याचा जुना इतिहास, तोही तिथेच.

माइकेल गार्सिया हा माझ्या पानावरचा सर्वांत अवघड माणूस. २०२४ मध्ये बराच काळ तो पहिल्या क्रमांकावर बॅटिंगला यायचा, आणि बेसवर पोहोचण्याचं त्याचं प्रमाण होतं ०.२८१. त्या वर्षी सगळ्या लीगचं सरासरी प्रमाण ०.३१२ होतं. म्हणजे विट बॅट घेऊन उभा राहायचा तेव्हा पुढे बहुतेक कुणी नसायचंच. वय मात्र २४. पंचविशीच्या आतला खेळाडू एका वाईट वर्षावरून निकालात काढायचा नाही, हा नियम पाळा. “सांगता येत नाही.”

मग तब्येतीचा वेगळा हिशेब. २०२४ मध्ये लुगोनं ३३ सामन्यांत सुरुवात केली, रेगन्सनं ३२, ब्रेडी सिंगरनं ३२, वाकानं २९. चौघांचे मिळून १२६. १६२ पैकी १२६ सामने संघाला आपले पहिले चार पिचर मिळाले! हे सुख दरवर्षी मिळत नाही. कुणाला काय दुखेल ते सांगणं आपलं काम नाही. पण चौघांपैकी निदान एकाचा मोठा काळ जाईल असं धरूनच बेरीज करायची.

हिवाळ्यातले सौदे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बातम्या येत राहतात. प्रत्येक बातमीवर अंदाज बदलत बसू नका. एक पान राखून ठेवा, त्यात नोंदवत जा आणि फेब्रुवारीत एकदाच बेरीज करा. रॉयल्सच्या पानावर तीन ठळक नोंदी होत्या. वाकाला तीन वर्षांचा, ५ कोटी १० लाख डॉलरचा नवा करार. सिंगरला सिनसिनाटीला देऊन जोनाथन इंडिया हा फलंदाज आणला. आणि शेवटच्या इनिंगला टाकण्यासाठी कार्लोस एस्टेवेझला घेतलं.

इंडिया कशासाठी आणला ते वर गार्सियाच्या परिच्छेदात आलंच आहे. सिनसिनाटीत त्याचं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.३५७ होतं. गार्सियाच्या जागी तो पहिला येईल, विटच्या पुढे माणसं उभी राहतील. कागदावर सौदा चोख. पण त्यासाठी ३२ सामने सुरू करणारा पिचर गेला. मी दोन्ही बाजू समान धरल्या आणि बेरीज शून्य लिहिली.

अंदाज आकड्यात लिहा, आणि पट्टा द्या

“रॉयल्स पुढच्या वर्षीही चांगली कामगिरी करतील” हा अंदाज नव्हे. तो चुकूच शकत नाही, म्हणून त्याला किंमत नाही.

सुरुवात सूत्राच्या आकड्यापासून, म्हणजे ९२. मधला आकडा ८१, कारण तो १६२ चा निम्मा. संघ मधल्यापासून जितका लांब, त्याचा तिसरा हिस्सा परत मध्याकडे आणा: ९२ आणि ८१ मध्ये ११ चं अंतर, त्यातले ४ कमी, राहिले ८८. पिचरांच्या तब्येतीचे ३ वजा. व्हाइट सॉक्स सुधारतील त्याचा १ वजा. सौद्यांचे शून्य. ८४.

आता पट्टा. नाणं १६२ वेळा उडवलं तर छापे नेमके ८१ पडत नाहीत. निव्वळ योगायोगानं सहा-साडेसहा इकडे तिकडे होणं अगदी नेहमीचं. संघाचंही तसंच. म्हणून ८४ च्या दोन्ही बाजूंना सहा सोडा: ७८ ते ९०. भाचा हसला, “एवढा मोठा पट्टा? यात सगळंच बसतं.” सगळं बसत नाही. ७० बसत नाही, आणि तो स्वतः सूत्राच्या जोरावर ९५ म्हणत होता तेही बसत नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स नसलेलं माप आमच्याकडे परत पाठवायचे.

शेवटी अंदाजाखाली तीन कारणं लिहा, “हे असं झालं तर” या भाषेत. तारीख टाका. सही करा. घरच्या एखाद्या माणसाला दाखवून ठेवा, म्हणजे नंतर पान फाडायची सोय राहत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर वही बंद. एप्रिलमध्ये संघ पहिले दहापैकी आठ हरला तरी उघडायची नाही. हवी तर जुलैत ऑल-स्टारच्या, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, सुटीत एकदा बघा.

पुढच्या वर्षी पडताळणी: आकडा वेगळा, कारणं वेगळी

२०२५ मध्ये रॉयल्स ८२ जिंकले, ८० हरले. गटात तिसरे, बाद फेरीबाहेर. ७८ ते ९० मध्ये आकडा नीट बसला. बहुतेक लोक इथे वही मिटतात. तुम्ही मिटू नका, कारण खरा अभ्यास आता आहे.

परत चार आकडे. ८२, ८०, काढल्या ६५१, दिल्या ६३७. जरा बघा दिलेल्या धावांकडे. पिचरांच्या तब्येतीचे तीन सामने वजा केले होते ना? तब्येती खरंच बिघडल्या. रेगन्सला खांद्यामुळे १३ च सामने सुरू करता आले, लुगोला २६, आणि लुगोचा ईआरए ४.१५ वर गेला. तरी संघानं दिलेल्या धावा २०२४ पेक्षा सातनं कमी! कारण ज्यांची नावं पानावर ठळक नव्हती ते उभे राहिले. क्रिस बुबिच कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२४ मध्ये मधल्या इनिंगचा पिचर म्हणून परतला होता. २०२५ मध्ये पुन्हा स्टार्टर झाला आणि जुलैअखेर स्वतः जायबंदी होईपर्यंत २.५५ च्या ईआरएनं टाकत राहिला. नोआ कॅमरन हा नवखा मुलगा एप्रिलअखेर आला आणि २.९९ वर संपवला. एस्टेवेझनं ४२ सामने वाचवले, म्हणजे शेवटी टाकून आघाडी राखली, त्या वर्षी सर्वांत जास्त.

घसरले ते बॅटिंगमध्ये. ७३५ वरून ६५१, चक्क ८४ धावा कमी. आणि इथेही नावं उलटसुलट. विट ०.२९५ वर आला, ते अपेक्षितच. “घटेल” मधल्या पेरेझनं ३० होम रन आणि १०० धावा वसूल केल्या. पास्क्वान्टिनोनं ३२ होम रन मारले. मग धावा गेल्या कुठे? आउटफिल्डर्सच्या, म्हणजे मैदानाच्या कडेला क्षेत्ररक्षण करणाऱ्यांच्या, बॅटी वर्षभर गप्प राहिल्या, आणि इंडियाची सरासरी ०.२३३ वर घसरली. ज्याच्या जागी त्याला आणलं तो गार्सिया मात्र ०.२८६ ची सरासरी आणि ०.३५१ चं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण घेऊन ऑल-स्टार झाला. म्हणजे दुखणं ओळखलं बरोबर, औषध घरातच निघालं आणि बाहेरून आणलेलं लागू पडलं नाही.

म्हणून पडताळणीच्या पानावर दोन वेगळे गुण द्या: आकड्याला एक, कारणांना एक. आकडा बरोबर आणि कारणं उलटी, असं झालं तर पुढच्या अंदाजात त्या आकड्याचा भाव धरायचा नाही. आणखी एक नोंद: अंदाजात मी पहिल्या चार पिचरांना बघितलं. सहाव्या, सातव्याला बघायला हवं. त्यासाठी आता वहीत वेगळं पान आहे, त्यात संघाच्या खालच्या स्तरावरच्या मुलांची नावं असतात.

आता यंदाचं

भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. २०२५ वरून २०२६ चं गणित तुम्हीच सोडवा. आकडे वर दिलेत. सूत्रात ६५१ आणि ६३७ टाकलं की जवळजवळ ८३ येतात, म्हणजे ८२ विजयांत फुगवटाही नाही आणि दडलेलं धनही नाही. मध्याकडे ओढायला अंतरच फारसं नाही. त्यामुळे या वेळी सूत्रापेक्षा रकान्यांचं पान जास्त बोलेल.

रेगन्सचा खांदा आणि बुबिचचा खांदा, दोन्ही “सांगता येत नाही” मध्ये. लुगो नोव्हेंबर २०२५ मध्ये ३६ चा झाला. कॅमरनला आता सगळ्यांनी एकदा पाहिलंय, दुसऱ्या वर्षी फलंदाज तयारीनं येतात. उलट बाजूला विट २०२५ संपताना २५ चाच. ऑल-स्टारच्या सुटीपर्यंत ४७-५० असलेला संघ नंतर ३५-३० झाला, पण त्यावरून उड्या मारायच्या नाहीत. ६५ सामने हा नमुना लहान आहे. गार्सियाला मी कुठल्या रकान्यात टाकला ते सांगत नाही, तुमचा हात वळेल. २०२३, २०२४ आणि २०२५ चे त्याचे आकडे एकाखाली एक लिहा, शेवटच्या वर्षाला जास्त वजन द्या, आणि मग नाव लिहा. पेननं.